दुसऱ्या दिवशीचं पोतं

ठोकमामांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला मोठ्या विश्वासाने सांगत.

आयुष्यभर त्यांनी गिलाव्याचं काम केलं. भिंत दिसली की मधल्या बोटाच्या पेराने ती दोनदा ठोकायची, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "पोकळ आहे." मग ती भिंत कुणाच्या का घरची असेना. पुढेपुढे भिंतींवर भागेना. कलिंगड, दुकानाचा काउंटर, औषधाची बाटली, नवा कोरा फ्रीज, सगळं ठोकून बघितलं जाई. भाचीने लग्न ठरवलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा मामांनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि क्षणभर थांबले. सगळ्यांना वाटलं, कौतुक चाललंय. मुलगा पायरी उतरल्याबरोबर मामा बहिणीच्या कानाशी लागले, "भरीव आहे गं ताई. हो म्हण."

ताई त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. मामांना 'अरे गप रे' म्हणू शकणारी पृथ्वीतलावरची एकमेव व्यक्ती. नवरा गेल्यावर ती, भाची आणि भाचीचा भरीव नवरा एकत्र राहत होते, आणि ताईच्या घरातलं स्वयंपाकघर हे मामांचं आयुष्यातलं सगळ्यात लाडकं काम होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी तिथल्या मोठ्या भिंतीवर आणि छतावर नक्षीचा लेप दिला होता. पांढरी पूड पाण्यात कालवून दह्यासारखी घट्ट करायची, भिंतीवर थापायची आणि ओली असतानाच तिच्यावर लाकडी फणी फिरवायची. मामांची फणी अर्धवर्तुळात फिरे. एकावर एक चढत गेलेली शेकडो अर्धवर्तुळं, जणू भिंतीवर पंखे उघडून ठेवलेत. घरी आलेला पाहुणा पाणी प्यायच्या आत ताई त्याला आत नेई. "ही बघा. माझ्या भावाची. एकटाकी काम, कुठे जोड दिसतोय का शोधा!" पाहुणे बिचारे पेला हातात धरून जोड शोधत.

त्या नक्षीच्या खाचाखाचांत बत्तीस वर्षांच्या फोडणीचा धूर बसला होता हा भाग वेगळा. ताई तो जुन्या टूथब्रशने घासून काढी. भाचीने हातात टूथब्रश घेऊन एकदाच भिंतीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "आई, स्वयंपाकघर नवं करायचं."

कंत्राटदार आला. त्याचं मामांनी पहिल्या पाच मिनिटांत नाव पाडलं, 'होऊनजाईल'.

"ओटा या भिंतीला हवाय," भाची म्हणाली.

"होऊन जाईल."

"मग नळ तिकडून इकडे आणावा लागेल."

"होऊन जाईल."

"खिडकी जरा मोठी करता येईल?"

"होऊन जाईल ना मॅडम, त्यात काय!"

"आणि छप्पर काढून वर चांदणं बसवता येईल?" मामांनी दारातून विचारलं.

"होऊन जा..." कंत्राटदार थबकला. "हे कोण?"

"मामा आहेत माझे. ही भिंत त्यांनीच केलीय."

"अरे वा! मस्त काम आहे हो मामा. आता कोण करतंय असलं?" असं म्हणत त्याने नखाने एका पंख्याची कड उकरायला बोट पुढे केलं. "पण टाइल बसायच्या तर सपाट पाहिजे. दोन माणसं लावतो, खरवडून काढतो, वर लांबी-पुट्टी भरतो. दीड दिवसात भिंत कशी गालासारखी!"

"कुणाच्या गालासारखी?" मामांनी त्याच्या चार दिवसांच्या दाढीकडे बघत विचारलं.

आणि त्याचं बोट भिंतीला लागायच्या आत भाचीने मनगट धरलं. "थांबा. खरवडायच्या आधी तपासून घ्यायचं."

तिने कुठेतरी वाचलं होतं. जुन्या काळी असल्या लेपाच्या पुडीत कधीकधी ॲस्बेस्टॉसचे धागे मिसळलेले असत, लेप ओघळू नये म्हणून. भिंतीवर गप बसलाय तोवर त्याचं काही नाही. पण कोरडा खरवडला की डोळ्यांना न दिसणारे धागे हवेत उडतात, श्वासातून छातीत जातात आणि तिथेच राहतात. वीस-तीस वर्षांनी माणूस आजारी पडतो, तेव्हा त्याला भिंत आठवतसुद्धा नाही.

"म्हणून नमुना तपासायला द्यायचा," ती म्हणाली. "काही नसेल तर खुशाल खरवडा."

मामांचा चेहरा असा झाला, जणू भर लग्नात कुणीतरी नवऱ्या मुलाचे दात मोजायला घेतलेत.

"माझी भिंत? तपासायला?"

"तुझी नाही रे मामा, त्यातला माल."

"माल कुणी आणला? मी. निळ्या पोत्यातला, कंपनीचा, शिक्का बघून. दुकानदार पांढरं पोतं गळ्यात मारत होता. मी म्हटलं, मला बनवतोस होय? अगं, जगाला फसवणारे माझ्यापुढे फसतात. आणि तू माझा माल तपासणार!" मग त्यांनी आवाज उतरवला. "हे तपासणीवाले कसे असतात मला विचार. काही सापडलं नाही तर त्यांना परत कोण बोलावणार? म्हणून सापडवतात."

"अरे गप रे," ताई म्हणाली, आणि तपासणीवाला ठरला.

तपासणीवाला हा किडकिडीत मनुष्य सरकारी पत्रासारखा बोलायचा. 'मी करतो', 'तुम्ही करा' हे त्याच्या तोंडून निघतच नसे.

"पंखा बंद ठेवण्यात यावा. खिडकी लावण्यात यावी. इतरांनी बाहेर थांबावं, ही विनंती आहे."

"आणि चहा घेण्यात येईल का?" मामांनी विचारलं.

"काम झाल्यावर घेण्यात येईल," तो शांतपणे म्हणाला, आणि तोंडाला मास्क लावला.

मामा बाहेर थांबतील तर ते मामा कसले. एक मास्क त्यांनीही चढवला आणि त्याच्या खांद्याशी उभे राहिले. त्याने फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी आणलं होतं. मग त्याचे मास्कवरचे डोळे भिंतीच्या मधोमध, सगळ्यात देखण्या पंख्यावर जाऊन टेकले.

"तिथे नको!" मामा ओरडले. "तिथे भोक पाडू नका. इकडे घ्या, दाराजवळ. फ्रीजच्या मागे. कुणाला दिसणार नाही."

"दोन-तीन ठिकाणांहून नमुने घेणं योग्य राहील. एक छताचाही."

"कशाला? एक भिंत, एक हात, एक माल."

"संपूर्ण काम एकाच मालाचं असल्याची खात्री देता येईल का?"

"अहो, मी केलंय ते!"

"तशी नोंद करण्यात येईल," तो म्हणाला. त्याने फ्रीजमागची जागा फवाऱ्याने भिजवली, नखभर तुकडा अलगद काढला, एका पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि भोकावर चिकटपट्टी लावली. चहा काही त्याच्याकडून घेण्यात आला नाही. मामांना तेही संशयास्पदच वाटलं.

आठवड्याने कागद आला. नमुन्यात ॲस्बेस्टॉस नाही.

मग काय विचारता! मामा तीन दिवस नुसते तरंगत होते. कागदाची प्रत खिशात. भाजीवाल्याला दाखवली, शेजाऱ्याला दाखवली, दात काढायला गेले तिथे डॉक्टरलाही दाखवली. "बत्तीस वर्षांचा माल, आणि बघा, डाग नाही." भाचीला तर भेटेल तेव्हा, "काय, अजून कुठे तपासायचंय? मला घालतेस का पिशवीत?"

"चुकले बाबा," भाचीने हात जोडले. "सोमवारी येतोय होऊनजाईल."

रविवारी स्वयंपाकघर रिकामं करायचं होतं. डबे गेले, भांडी गेली, शेवटी भिंतीला लागून असलेलं उंच कपाट उरलं. ते भिंतीत स्क्रूंनी जखडलेलं होतं आणि भिंतीचं काम झाल्याच्या आठवड्यातच तिथे उभं राहिलं होतं. भरीव जावयाने स्क्रू काढले, कपाट सरकलं, आणि दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं येऊन थेट त्या जागेवर पडलं.

मामा कौतुकाने बघायला पुढे गेले आणि तिथेच उभे राहिले.

कपाटामागे जोड होता.

दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नसता. डावीकडचे पंखे पातळ, कडा धारदार. उजवीकडचे जाड, गुबगुबीत, कडांना बारीक लव आल्यासारखी. दोन्हींच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी रेघ. ती रेघ पुढे छतावरही चढली होती, तिथे बत्तीस वर्षांच्या धुराने बुजलेली. मामांनी हात पुढे केला, आणि मग चटका बसावा तसा मागे घेतला.

रेघेबरोबर सगळं आठवलं. काम दोन दिवस चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी निळं पोतं संपलं. दुकान बंद. भावजींना संध्याकाळी भिंत पुरी करून दाखवायची असा शब्द दिलेला. मामा सायकल काढून शेजारच्या बांधकामावर गेले. तिथल्या मुकादमाने अर्धं पोतं काढून दिलं, शिक्का नाही की नाव नाही. "घेऊन जा. ह्यात धागा आहे. छताला लावलंस तरी टिपूस खाली पडायचा नाही." आणि खरोखर पडला नव्हता. मामा इतके खूश झाले की पुढची दोन वर्षं त्यांनी मुकादमाकडून तोच माल मागून आणला.

त्या मुकादमाला पुढे दम लागायला लागला आणि तो घरी बसला. मामांना तेव्हाही संशय आला होता. त्याच्या सिगारेटींचा.

दुकानदाराचा, तपासणीवाल्याचा, दाताच्या डॉक्टरचा, सगळ्यांचा संशय घेऊन झाला होता. ह्या पोत्याचा घ्यायचा राहून गेला होता. लपवलंही नव्हतं त्यांनी. विसरले होते, साफ. आणि नमुना कुठून घेतला गेला? दाराजवळून, डावीकडून, जिथे त्यांनी स्वतः बोट दाखवलं होतं तिथून.

"काय झालं मामा?" भाचीने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं डोळ्यांवर," मामा म्हणाले आणि घरी गेले.

सोमवारी होऊनजाईल आपल्या दोन माणसांना घेऊन आला तेव्हा मामा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.

"मामा, जरा बाजूला होता का?"

"ही घोडी डुगडुगतेय. हिच्यावर माणूस चढणार? पडला म्हणजे?"

"चालते हो."

"अवजार बोथट आहे तुमचं. आणि आज वारा बघा किती आहे. उद्या करा."

"घरात कुठला वारा, मामा?"

"तुमच्या माणसांचा नाश्ता झालाय का? उपाशीपोटी काम करू नये."

होऊनजाईलने भाचीकडे बघितलं. भाचीने त्याच्याकडे. त्या दोघांच्या नजरेत जे होतं ते मामांनी लगेच ओळखलं. आयुष्यभर त्यांनी जगाकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच ती नजर.

"मॅडम, एक बोलू?" कंत्राटदाराने आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल इतपतच. "मामांना भिंत सोडवत नाहीये. होतं असं म्हाताऱ्या माणसांचं."

"मामा," भाची त्यांच्या खुर्चीशी बसली. "मी फोटो काढून ठेवलेत नक्षीचे. मोठा करून फ्रेम करते. पण आता ऊठ ना."

"मला फ्रेम नको. मला आणखी एक तपासणी हवीय."

"अरे, तूच तर नको म्हणत होतास! कागद खिशात घेऊन फिरतोयस तीन दिवस!"

"तो तपासणीवाला मला पटला नाही."

"का?"

"चहा घेतला नाही त्याने."

आता मात्र भाची उठली. "सुरू करा हो तुम्ही," ती म्हणाली. एक माणूस खुर्चीला वळसा घालून आत गेला आणि घोडीवर चढला. अवजाराचं पातं त्याने छताला टेकवलं. उजव्या बाजूला. खाली ताई उभी होती, आपल्या भावाची भिंत जाताना शेवटचं बघून घ्यायला. तोंड उघडं, मान वर.

"हात काढ!" मामा असे ओरडले की माणूस घोडीवरून उतरलाच. "ताई, बाहेर हो. सगळे बाहेर व्हा. तो माल माझा नाही."

"कुठला माल?" ताईने विचारलं.

"हा. उजवीकडचा. पोतं संपलं होतं गं. भावजींना शब्द दिला होता. मी दुसरीकडून आणलं, बिननावाचं, आणि त्यात धागा होता. मुकादमाने सांगितलं होतं मला, धागा आहे म्हणून. पुढची दोन वर्षंही मी तोच माल वापरला. तो कागद डाव्या बाजूचा आहे. उजवीकडे काय आहे ते देवाला ठाऊक, आणि माझ्यामुळेच तुम्हाला ठाऊक नाही."

ताई हळूच पुढे आली, कपाटामागची ती रेघ तिने लांबूनच न्याहाळली.

"म्हणजे बत्तीस वर्षं मी लोकांना खोटं सांगत होते? एकटाकी म्हणून?"

"हो."

"आणि हे तुला काल कळलं?"

"हो."

"आणि आज सकाळपासून तू घोडी, वारा आणि नाश्ता करत बसला होतास?"

"लाज वाटली गं ताई."

"पातं फिरलं असतं छतावर, मेल्या," ताई म्हणाली. या वेळी ती 'गप रे' म्हणाली नाही, आणि मामांना तेच जास्त लागलं.

होऊनजाईल डोकं खाजवत उभा होता. "मग आता काय करायचं?"

"आता होऊन जायचं नाही," भाची म्हणाली. "आता थांबायचं."

तपासणीवाला परत आला. या वेळी मामांनी त्याला एकही जागा दाखवली नाही. रेघ तेवढी दाखवली, खाली मान घालून. त्याने उजवीकडच्या भिंतीचे दोन आणि छताचा एक असे तीन नमुने घेतले. "पूर्वीची नोंद दुरुस्त करण्यात येईल," तो म्हणाला. नंतर मास्क काढला आणि अगदी साध्या माणसासारखा पुढे म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पुष्कळ लोक सांगत नाहीत."

कागद आला. तिन्हींमध्ये ॲस्बेस्टॉस होतं.

मग परवाना असलेली माणसं आली. त्यांनी दाराला प्लॅस्टिकचे दुहेरी पडदे लावले, पायापासून डोक्यापर्यंत पांढरे पोशाख चढवले, भिंत भिजवून भिजवून लेप उतरवला आणि जाड पिशव्यांत बांधून नेला. शेवटी हवा तपासून त्यांनी लेखी दिलं, आता राहायला हरकत नाही. घरच्यांचा मुक्काम तोवर मामांच्या दोन खोल्यांत होता. ताई त्यांच्या शेगडीवर स्वयंपाक करी आणि त्यांच्याशी मोजकं बोले. मीठ दे. झाकण कुठे आहे. सर.

पाचव्या दिवशी जेवताना भाचीने विचारलं, "मामा, पुढची दोन वर्षं तोच माल वापरलास म्हणालास ना?"

मामांचा घास हातातच राहिला.

"किती घरं?"

"लक्षात नाहीत."

"त्याला घरं लक्षात राहत नाहीत, नक्षी राहते," ताई ताटातून नजर न उचलता म्हणाली. "नक्षी विचार."

आणि तसंच झालं. भाचीने कागद घेतला आणि मामा डोळे मिटून बोलू लागले. शंखाची नक्षी, दवाखान्याच्या गल्लीत, दुसरा मजला. माशाच्या खवल्यांची, ती शाळेतल्या बाईंची. दोरखंडाची, शिंप्याकडे, नुसतं छत. बोलता बोलता अकरा घरं झाली. त्यातल्या लोकांनी अजून भिंती तशाच ठेवल्या असतील तर बरं, आणि ज्यांनी ठेवल्या नसतील त्यांनी त्या कशा काढल्या असतील, हा विचार मनात आला तेव्हा मामांनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. भाची म्हणाली फोन कर, पण नंबर कुणाचेच नव्हते.

शिंप्याच्या दुकानावर मुलगा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भिंत तुम्हीच करून देणार परत? असं गिऱ्हाईक शोधता होय!" दवाखान्याच्या गल्लीतल्या गृहस्थांनी, आम्हाला काही नकोय, असं म्हणून दार लावलं. मामा बंद दारासमोरच सगळं बोलले आणि भाचीने लिहून दिलेली चिठ्ठी दाराखालून आत सरकवली. चिठ्ठी बाहेर आली. मामांनी पुन्हा आत सरकवली. ती बाहेर आली नाही तेव्हा ते जिना उतरले.

शाळेतल्या बाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"कोण?"

"मी गिलावावाला. तुमच्या स्वयंपाकघरात खवल्यांची नक्षी केली होती."

"केली असेल. आता काय विकायला आलात?"

"काही नाही. ती भिंत अजून आहे का?"

"तुम्हाला काय करायचंय माझ्या भिंतीशी? आधी भिंत बघू म्हणायचं, मग आत शिरायचं, मग कपाट कुठे आहे ते बघायचं. पेपरात रोज वाचते मी."

"बरोबर आहे, बाई."

"काय बरोबर आहे?"

"उघडू नका दार. मीही उघडलं नसतं." मामांनी चिठ्ठी फटीतून आत दिली आणि दोन पायऱ्या मागे सरकले, म्हणजे बाईंना भीती वाटायला नको. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. चिठ्ठीत तपासणीवाल्याचा नंबर आहे, त्यालाही आधी दुसऱ्याकडून विचारून घ्या. फक्त एवढं सांगा, भिंत आहे का?"

फटीतून एक डोळा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात सून काढणार आहे. कोपऱ्यावरचा रंगारी ठरलाय."

"तो तपासून घेऊ या म्हणाला का?"

"तो म्हणाला, एका दिवसात होईल."

"तुमची सून घरी कधी येते?"

"सहाला."

"मग मी इथेच बसतो," मामा म्हणाले, आणि जिन्याच्या पायरीवर रुमाल अंथरून बसले. दार लागलं. आतून कडी चढल्याचा आवाज आला, मग वरची खिट्टी, मग खालची. अजून साडेअकराच वाजले होते.